उन्हाला लागलेली गळती

आमच्या मेढ्याकडे ऊन आणि पाऊस यांची वाटणी सरळ नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग वेण्णेच्या खोऱ्यात उतरून मुक्काम ठोकतात, आणि मार्च उजाडला की तेच खोरं तव्यासारखं तापतं. तरीही गेल्या काही वर्षांत घरांवर काळी-निळी सौर पॅनेलं दिसू लागली आहेत. आमच्याच सातारा जिल्ह्यातली पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ साली राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून जाहीर झाली, तेव्हापासून चर्चा आणखी वाढली.

या चर्चेतच केळघरच्या बाजूच्या एका वयस्कर स्नेह्यांनी मला एक प्रश्न विचारला. त्यांचं घर जुनं, कौलारू. वासे वडिलांच्या काळचे. एक पॅनेल वीस ते अठ्ठावीस किलो वजनाचं, आणि अशी तीन-चार बसवायची तर आधी छप्पर बदला, असं बसवणाऱ्याने सांगितलं. छपराचा खर्च पॅनेलांहून जास्त. मग त्यांच्या कानावर आलं की आता प्लास्टिकचं, कागदासारखं गुंडाळता येणारं सौर पॅनेल येणार आहे. ते म्हणाले, "तुम्ही लिहिता-वाचता. सांगा, त्याची वाट बघत थांबू का?"

मी कवितेतला माणूस. बी.ए. केलं तेही मराठी घेऊन. पण माझा एक भाचा पुण्यात नेमक्या याच विषयावर संशोधन करतो. ईदला घरी आला की शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर तो मला हे विज्ञानही थोडं थोडं पाजतो. त्याच्याकडून आणि पुढे स्वतः वाचून जे समजलं, ते आज श्रोत्यांपुढे मांडतो. एका वाक्यात सांगायचं तर हे कागदासारखं पॅनेल खरोखर अस्तित्वात आहे. ते आपल्या घरावर अजून आलेलं नाही याचं मोठं कारण म्हणजे त्याला लागलेली गळती. ही गळती नेमकी कुठे कुठे आहे, हे शोधण्यात जगभरच्या शास्त्रज्ञांची तीसपेक्षा जास्त वर्षं गेली.

आधी नावाचा घोळ मिटवू. या पॅनेलांना म्हणतात सेंद्रिय सौर घट. सेंद्रिय म्हटलं की आपल्याला शेणखत, गूळ आणि बिनफवारणीची भाजी आठवते. त्याचा इथे संबंध नाही. रसायनशास्त्रात कार्बनच्या संयुगांना सेंद्रिय म्हणतात. प्लास्टिक सेंद्रिय, रंग सेंद्रिय, पानातलं हरितद्रव्यही सेंद्रिय. आज छपरावर जी पॅनेलं दिसतात ती सिलिकॉनची, म्हणजे वाळूतून काढलेल्या मूलद्रव्याची. ती कडक, जड आणि ठिसूळ असतात. सेंद्रिय घट मात्र रंगासारखा द्रवात विरघळवून पातळ प्लास्टिकवर छापता येतो. वजन नगण्य. म्हणजे कौलारू घराला हवं तेच.

आता गळती समजायची तर सातारकरांना दूर जायला नको. आपल्याकडे कोयना आहे. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पलीकडे पोफळीला नेलं आणि पावणेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवरून जनित्रांवर सोडलं. धरणाच्या पायथ्याशी तेवढंच पाणी वापरलं असतं तर वीज फार थोडी मिळाली असती. वीज दोन गोष्टींवर ठरते : पाणी किती आणि ते किती उंचावरून पडतं. (त्या उंचीची किंमत जावळीतल्या ज्या गावांनी शिवसागराखाली जाऊन मोजली, तो हिशेब वेगळा. तो एखाद्या भाषणात मावणारा नाही.)

सौर घटाचंही तसंच आहे. उन्हाचा एक कण घटावर पडतो आणि एका इलेक्ट्रॉनला वर उचलतो. असे किती इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेत पोचले, तो झाला विद्युतप्रवाह, म्हणजे पाणी. प्रत्येक इलेक्ट्रॉन किती उंचीवर असताना आपल्या हाती लागला, तो झाला व्होल्टेज, म्हणजे उंची. त्यामुळे गळतीही दोन तऱ्हेची. एक तर पाणीच वाटेत मुरतं, नाही तर पाणी पोचतं पण उंची गमावून पोचतं. सेंद्रिय घटांची सगळी कहाणी या दोन गळत्यांची आहे.

थोडी गळती कोणालाच चुकत नाही. उन्हात सगळे रंग असतात. घटातल्या पदार्थाला इलेक्ट्रॉन उचलायला ठराविक ऊर्जा लागते. तांबड्याच्या पलीकडच्या दुबळ्या कणांमध्ये तेवढी ऊर्जा नसते, ते आरपार निघून जातात. निळ्या कणात गरजेपेक्षा दुप्पट असते. तो इलेक्ट्रॉनला फार वर फेकतो आणि जास्तीची ऊर्जा सेकंदाच्या लाख कोटीव्या भागात उष्णता होऊन संपते. उन्हाचा निम्म्याच्या आसपास वाटा या दोन वाटांनीच जातो. १९६१ साली विल्यम शॉकली आणि हान्स क्वायसर या दोघांनी हिशेब मांडून दाखवलं की एका पदार्थाच्या घटातून उन्हाची फार तर एक तृतीयांश वीज मिळेल. बाजारातली चांगली सिलिकॉन पॅनेलं आज बावीस टक्क्यांच्या घरात आहेत, म्हणजे त्या मर्यादेच्या बरीच जवळ. सेंद्रिय घटांची सुरुवात झाली ती एक टक्क्यावर.

तो एक टक्का मिळवला चिंग टँग यांनी, कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत, आणि १९८६ साली तो प्रसिद्ध केला. त्यांनी दोन रंगद्रव्यांचे पातळ थर एकावर एक दिले. त्यातलं एक कॉपर थॅलोसायनिन. हे नाव आपण कधी ऐकलेलं नसतं, पण त्याला रोज पाहतो : रंगीत वर्तमानपत्रातला निळा रंग त्याचाच. ज्या शाईत आभाळ छापतात तीच शाई उन्हातून वीज काढते, हे ऐकल्यावर मी भाच्याला म्हणालो, यात कविता आहे. तो म्हणाला, "मामू, यात एक टक्का आहे. नव्याण्णव कुठे गेले ते विचारा."

तर ते कुठे गेले? सिलिकॉनमध्ये प्रकाशाने इलेक्ट्रॉन उचलला की तो मोकळा होतो. त्याच्या जागी जी पोकळी राहते, तिच्यापासून सहज दूर जातो. सेंद्रिय पदार्थात तसं होत नाही. तिथे इलेक्ट्रॉन आणि पोकळी एकमेकांना धरून राहतात. दोघांमध्ये विजेचं आकर्षण असतं, आणि सिलिकॉन ते जसं झाकून मंद करतं तसं हे पदार्थ करत नाहीत. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. तिची मिठी सोडवायला लागणारी ऊर्जा साध्या हवेच्या उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेच्या दहापटीहून जास्त आहे. म्हणजे नुसत्या ऊबेने ती सुटत नाही.

बरं, ही जोडी फार काळ जगत नाही. सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या आसपास तिचं आयुष्य. तेवढ्यात ती दहा नॅनोमीटरच्या जवळपास फिरते, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा आठ हजारावा भाग. त्या टप्प्यात तिला कोणी सोडवणारा भेटला नाही तर इलेक्ट्रॉन पोकळीत परत पडतो आणि उन्हाने दिलेलं सगळं जागच्या जागी विरतं. टँग यांच्या घटात सोडवणारा होता. दोन थर जिथे भेटतात ती सीमारेषा. पण त्या रेषेपासून दूर जन्मलेल्या जोड्या तिथवर पोचतच नव्हत्या. ही पहिली गळती, पाण्याची.

तिच्यावरचा उपाय दोन पावलांत मिळाला. १९९२ साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराला अ‍ॅलन हीगर आणि नियाझी सर्दार सारिचिफ्तची यांनी दाखवलं की वीजवाहक प्लास्टिकला फुलरीनची जोड दिली तर इलेक्ट्रॉन प्लास्टिकमधून फुलरीनवर डोळ्याचं पातं लवण्याच्या कितीतरी आधी उडी मारतो. फुलरीन म्हणजे साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ गोळा, एका अर्थी काजळीचाच भाऊबंद. हे सारिचिफ्तची मूळचे तुर्कस्तानातल्या कोन्याचे. कोन्या म्हणजे मौलाना रूमींचा दर्गा जिथे आहे ते शहर. तुर्की भाषेत त्यांच्या आडनावाचा अर्थ होतो 'पिवळा शेतकरी'. उन्हाची शेती करणाऱ्याला याहून चांगलं आडनाव कोणी दिलं असतं?

दुसरं पाऊल १९९५चं. थर वेगळे ठेवायचेच कशाला? दोन्ही पदार्थ एकत्र विरघळवा आणि वाळू द्या. डाळ-तांदळाची खिचडी जशी, कुठूनही घास घेतला तरी दोन्ही हाती येतात. मग एक्सायटॉन कुठेही जन्मला तरी सीमारेषा दहा-वीस नॅनोमीटरवर असते. पण खिचडी फार मऊ शिजूनही चालत नाही. सुटलेल्या इलेक्ट्रॉनला एका टोकापर्यंत आणि पोकळीला दुसऱ्या टोकापर्यंत जायला अखंड वाट लागते. कण फार बारीक झाले तर वाटा तुटतात, फार मोठे झाले तर जोड्या मधेच मरतात. कोणता द्रावक घ्यायचा, किती वेगाने वाळवायचं, किती तापवायचं, यावर संशोधकांनी उमरी घालवली आहेत. माझा भाचा याला 'आमची भटारखान्यातली कामं' म्हणतो.

पाण्याची गळती इथेही संपत नाही. सुटलेला इलेक्ट्रॉन वाटेत दुसऱ्याच पोकळीला भेटला तर दोघेही संपतात. थर जितका जाड तितकी वाट लांब, तितक्या अशा भेटी जास्त. म्हणून हे थर शंभर नॅनोमीटरच्या आसपासच ठेवतात. आणि थर पातळ केला की थोडा उजेड न शोषला जाताच निघून जातो. एक भोक बुजवावं तर दुसरं मोठं होतं.

तरीही मेहनतीने पाणी पोचू लागलं. २००५च्या आसपास प्रयोगशाळेतले घट चार-पाच टक्क्यांवर आले. तिथे दुसरी गळती समोर आली, आणि मला विचाराल तर हा या विषयाचा गाभा आहे. त्या काळी सर्वांत जास्त अभ्यासलेलं मिश्रण घ्या. प्रकाश इलेक्ट्रॉनला १.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतका वर उचलायचा, आणि घटाकडून व्होल्टेज मिळायचं ०.६. उरलेलं १.३ गेलं कुठे? इलेक्ट्रॉन तारेत पोचत होते, पण पोफळीला जायच्या ऐवजी धरणाच्या पायथ्याला पडल्यासारखे.

कारण त्या मिठीतच होतं. जोडी सोडवायला प्लास्टिक आणि फुलरीन यांच्यात एक पायरी ठेवावी लागे. इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरतो, त्या उताराच्या ओढीने मिठी सुटते. पण उतरला म्हणजे उंची गेली. सोडवण्याची फीच म्हणा ना. वर्षानुवर्षं असंच मानलं जाई की ही फी मोठी असल्याशिवाय सुटका नाही.

मग चिनी रसायनशास्त्रज्ञांनी फुलरीनला बाजूला केलं. त्याच्या जागी लांबट, सपाट, मुद्दाम घडवलेले रेणू आले. २०१९ साली चांगशाच्या झोउ यिंगपिंग यांच्या गटाने वाय-सिक्स नावाचा रेणू जाहीर केला आणि घट एकदम १५.७ टक्क्यांवर गेला. पायरी जवळजवळ सपाट, तरी जोड्या सुटत होत्या. हे सविस्तर कसं घडतं यावर अजून वाद चालू आहेत. पण घडतं हे नक्की. २०२४पर्यंत सर्वोत्तम घटांनी वीस टक्क्यांची रेघ गाठली.

तरीही उंची पूर्ण हाती येत नाही. गॅलियम आर्सेनाइड नावाचा एक महागडा पदार्थ आहे, उपग्रहांवर वापरतात तशा जातीचा. तो आणि वाय-सिक्सचं मिश्रण, दोन्हींमध्ये इलेक्ट्रॉन १.४ च्या आसपासच उचलला जातो. पहिल्यातून १.१ व्होल्ट मिळतात, दुसऱ्यातून ०.८५. सारख्याच डोंगरावरून पाणी सोडलं आणि एकीकडे पाव भाग उंची अधिक गेली.

या पाव भागाचा शोध लावताना जे निघालं ते मला फार आवडलं. चांगला सौर घट हा चांगला दिवाही असावा लागतो! उन्हात ठेवला तर वीज देतो, तसाच उलट वीज दिली तर त्याने उजळायला हवं. कारण इलेक्ट्रॉन कधी ना कधी पोकळीत परत पडणारच. पडताना त्याने प्रकाशाचा कण सोडला तर तो व्यवहार स्वच्छ झाला, उसनं घेतलं ते परत दिलं. पण तो अंधारात, नुसत्या थरथरीत ऊर्जा उधळून पडला, तर ती गळती. हिशेब असा की उजळण्याची क्षमता दहापट कमी झाली की व्होल्टेज ०.०६ने घटतं. गॅलियम आर्सेनाइड लख्ख उजळतो. वाय-सिक्सच्या घटात दहा हजार इलेक्ट्रॉन परत पडतात तेव्हा जेमतेम एक उजेड देतो. दहा हजार म्हणजे चार वेळा दहापट; चार गुणिले ०.०६, म्हणजे ०.२४. हरवलेला पाव भाग सापडला.

बाकीचे अंधारात का पडतात? एक कारण कार्बनच्या स्वभावात आहे. कार्बन-कार्बन बंध तारेसारखे सतत कंप पावतात, आणि इलेक्ट्रॉनच्या हातची ऊर्जा या कंपनांत सहज झिरपते. दुसरं कारण अधिक गहन. इलेक्ट्रॉनला एक फिरकी असते. दोन अनोळखी इलेक्ट्रॉन-पोकळी वाटेत भेटल्या तर चारपैकी तीन वेळा त्यांच्या फिरक्या अशा जुळतात की त्या जोडीला प्रकाश सोडायची परवानगीच नसते. २०२१ साली केंब्रिजच्या गटाने दाखवून दिलं की वाय-सिक्सच्या घटात परत पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांपैकी बहुतेक याच अंधाऱ्या वाटेने जातात. ही वाट बंद करणारे रेणू घडवणं, हे सध्या या क्षेत्रातलं मोठं काम आहे. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत छापता येण्याजोग्या नव्या सौर घटांवर काम झालं आहे आणि होत आहे.

इतकं झाल्यावर माझ्या स्नेह्यांचा प्रश्न पुन्हा घेऊ, कारण बातम्यांत वीस टक्के वाचून माणूस वाट बघत बसतो. ते वीस टक्के ज्या घटाचे असतात तो तांदळाच्या दाण्याएवढा असतो. तोच मोठ्या पत्र्याएवढा केला की नव्या गळत्या लागतात. वरचा थर पारदर्शक हवा आणि वीजही वाहून नेणारा हवा. असा थर धातूच्या तारेइतका चांगला वाहक नसतो, म्हणून लांब वाटेत ऊर्जा उष्णता होऊन जाते. पत्र्याचे पट्टे करून जोडावे लागतात, त्या जोडांची जागा वाया जाते. एखादा सूक्ष्म कण अडकला तर तिथे आरपार गळती. आणि मग हवामान. ऑक्सिजन, ओल आणि अतिनील किरण, तिघेही या रेणूंचे वैरी. शिवाय खिचडी घटात बसल्यावरही उन्हाने हळूहळू शिजत राहते, दाणे मोठे होतात, वाटा बदलतात. सिलिकॉन पॅनेलला पंचवीस वर्षांची हमी मिळते. जावळीच्या चार महिने चिंब पावसात एखादी छापील फिल्म तेवढी टिकेल, असं आज कोणी लिहून देणार नाही.

धंद्यातला एक दाखला आहे. २००१ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कोनार्का नावाची कंपनी निघाली. नाव ओडिशाच्या कोणार्कच्या सूर्यमंदिरावरून; तिची कल्पना प्राध्यापक सुकांत त्रिपाठी यांच्या प्रयोगशाळेतून आली. कंपनी उभी राहण्याच्या आधीच त्यांचं निधन झालं. नोबेल मिळालेले हीगरही तिच्यात होते. गुंडाळता येणारी फिल्म तिने बनवली आणि विकलीही, पण वीज थोडी आणि आयुष्य कमी. तेवढ्यात सिलिकॉनचे भाव कोसळले. २०१२ साली कंपनी दिवाळखोरीत गेली. रसायन खोटं नव्हतं. गळती बुजण्याच्या आधीच बाजार भरला, इतकंच.

म्हणून स्नेह्यांना मी सांगितलं, थांबू नका. फिल्मची जागा आज वेगळी आहे. घरातल्या एलईडीच्या मंद उजेडात हे सेंद्रिय घट सिलिकॉनपेक्षा सरस ठरतात. छोटे संवेदक, घड्याळं, किंमत दाखवणाऱ्या पट्ट्या त्यांच्यावर चालू शकतील. वजन न पेलणाऱ्या छपरांची पाळीही येईल असं मला वाटतं, पण विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. छप्पर बदलायचं नसेल तर पॅनेल छपरावरच असलं पाहिजे असं कुठे आहे?

त्यांनी गोठ्याच्या दक्षिणेला, फणसाची सावली पडणार नाही अशा जागी लोखंडी सांगाडा उभा करून घेतला. कोन थोडा तिरका ठेवला, म्हणजे पावसाने पॅनेलं आपोआप धुतली जातील. पायाला सिमेंट जास्त घातलं, कारण आषाढात केळघरकडून सुटणारं वारं कोणाचं ऐकत नाही.